आधी चौकट, मग भिंत

सकाळी सहा

उन्हाळ्यात सहाला शेड उघडावंच लागतं. ऊन चढायच्या आत लाकडाची थप्पी हलवून घ्यायची असते. हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, कनेरगाव नाक्यावर आमचं पत्र्याचं शेड आहे. इथे तयार चौकटी, दारं आणि खिडक्या होतात. मागच्या सावलीत लाकूड रचलेलं असतं. खाली विटांवर दोन बल्ल्या, त्यावर लाकडाचा एक थर, मग बोटभर जाडीच्या आडव्या पट्ट्या, मग दुसरा थर. या पट्ट्यांमुळे प्रत्येक नगाला चारी बाजूंनी वारा लागतो. टोकांना ऑइलपेंट फासून ठेवतो, कारण लाकूड टोकाकडून आधी सुकतं आणि तिथूनच चिरतं. खालचा थर वर आणि वरचा खाली करताना एखादा नग दुसऱ्यावर आपटून बघायचा. ओली बाभूळ बद्द वाजते, वाळलेली टणटणते.

सागवान किनवटच्या बाजूचं नाहीतर परतवाड्याच्या बाजारातलं, वनखात्याच्या हातोड्याच्या शिक्क्याचं आणि वाहतूक परवान्याचं. मलेशियन साल व्यापाऱ्याकडून. आणि बाभूळ, कडुनिंब हे शेतकऱ्याच्या बांधावरचं. आम्ही ओंडके चिरत नाही, चिरलेलं लाकूड घेतो. आरा गिरणी परवान्याशिवाय चालत नाही, आणि १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विनापरवाना गिरण्या बंदच झाल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जंगल राहिलं तर सुतार राहील.

साडेसात

लाईट आहे तोवर मशीनची कामं उरकायची. रंधा मशीन आधी, मग कटर. दोन पोरं मशीनवर, मी हातकामावर.

चौकट म्हणजे चार लाकडं, असं बघणाऱ्याला वाटतं. दारासाठी आम्ही पाच बाय तीन इंचाचा नग घेतो. रंधून चारी बाजू सरळ केल्या की आतल्या कडेला पल्ला टेकण्यासाठी खाच पाडायची. पल्ल्याची जाडी जेवढी, तेवढीच खाच रुंद, नाहीतर पल्ला एक तर बाहेर डोकावतो किंवा आत बुडतो. उभ्या लाकडाच्या टोकाला कुसू काढायचा आणि आडव्यात त्याच्या मापाचं भोक. भोक मशीनने पाडलं तरी शेवटचा हात पटाशीचाच. कुसू हाताने अर्धा आत जावा आणि उरलेला लाकडी हातोडीच्या दोन ठोक्यांत बसावा. एका ठोक्यात बसला तर तो ढिला, आणि पाच ठोके लागले तर आडवं लाकूड फाटणार. मग सांध्यातून आरपार भोक पाडून बांबूची मेख मारायची. वरच्या आडव्या लाकडाची टोकं दोन्हीकडे चार-चार बोटं पुढे ठेवतो. ती भिंतीत गाडली जातात.

शेवटी टेपने दोन्ही तिरपी मापं घ्यायची, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे. एका सुताचाही फरक असला तर मी मेख मारू देत नाही. मापं जुळली की एक तिरपी पट्टी ठोकून टाकायची, म्हणजे टेम्पोत हादरे बसले तरी कोन हलत नाही. ही पट्टी भिंत लिंटलपर्यंत येईस्तोवर काढायची नाही, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावं लागतं.

दहा

गिऱ्हाइकं या वेळेला सुरू होतात. नाक्याची जागाच अशी आहे की इकडून हिंगोली जिल्हा आणि पलीकडून वाशीम. पैनगंगा ही एके काळी निजामाच्या राज्याची आणि वऱ्हाडाची हद्द होती. आता दोन जिल्ह्यांची माणसं एकाच शेडमध्ये भाव करतात.

आज एक बाई आणि त्यांचा मुलगा आले. घरकुलाचं काम.

“मामा, हप्ता आला. दोन दारं अन् तीन खिडक्या आजच द्या.”

“माप आणलं का?”

“मिस्त्रीनं जागा सोडली ना. तुमी या अन् मोजा.”

“भिंत उभी राहिली का?”

“छातीइतकी आली. काहून?”

काहून ते मी त्यांना समजावून सांगितलं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. पैसे टप्प्याटप्प्याने येतात, काम किती झालं त्याचा फोटो चढला की पुढचा हप्ता. त्यामुळे लोक जोतं झालं की भिंत चढवतात, चौकटीसाठी अंदाजाने जागा सोडतात आणि पैसे आल्यावर सुताराकडे येतात. तोवर मिस्त्रीने एका दाराला तीन फूट दोन इंच सोडलेले असतात, दुसऱ्याला दोन फूट दहा. दोन्ही दारं एकाच घराची, एकाच हाताने बांधलेली. मग तयार चौकट बसत नाही. एक तर भिंत फोडा, नाहीतर ओल्या लाकडातून घाईने नवीन चौकट करा. घाईची चौकट पहिल्या उन्हाळ्यात वाकते आणि पहिल्या पावसाळ्यात दार अडतं.

या बाईंचं काम सुदैवाने वेळेत आलं होतं. सात बाय तीनच्या दोन चौकटी तयार होत्या. मुलाला बाहेरून बाहेर माप किती, आतून आत किती, हे चौकटीवरच खडूने लिहून दिलं आणि मिस्त्रीला फोन लावून दिला.

बारा

मुहूर्ताच्या चौकटीला आम्हाला जावं लागतं. अभिजित मुहूर्त बाराच्या आसपास येतो, त्यामुळे जेवणाची वेळ टळतेच. आज गावाच्या अलीकडे एका शेतकऱ्याचं घर. हळदीच्या पिकाच्या पैशातून बांधतोय. मुख्य दाराची चौकट सागवानी, वर गणेशपट्टी. तिला आंब्याची पानं बांधली, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी उंबरठ्यावर डोकं टेकवलं. घर अजून झालं नाही, भिंत नाही, छत नाही, आणि तरी त्या दिवसापासून ते घर असतं. आमच्याकडे चौकट आधी उभी करतात आणि भिंत तिला येऊन मिळते. ही रीत चांगली आहे. माप चौकटीचं आणि भिंतीने ते पाळायचं, हे त्या रीतीतच आहे.

ओळंबा मी स्वतः धरला. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. होल्डफास्ट मारून बल्लीचे टेके दिले आणि परत फिरलो.

दोन

भाकरी, ठेचा, कांदा. या तासाभरात मशीन बंद असतं आणि मला वाचायला वेळ मिळतो.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याच्या टेक्सासातल्या मुलाचा व्हिडिओ दाखवला होता. मुलाचं घर बांधणं चाललं होतं. ट्रकवरून छपराचे लाकडी त्रिकोण आले, क्रेनने उचलून एकामागून एक भिंतीवर ठेवले, आणि दिवस मावळायच्या आत छपराचा सांगाडा उभा. माझा विश्वास बसेना. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात घरं लाकडाची, आणि तीही आमच्या चौकटीसारखी दुसरीकडे तयार होऊन येणारी! तेव्हापासून मी याबद्दल जे मिळेल ते वाचतो.

आधी तिथेही आपल्यासारखंच होतं. जाड तुळया, कुसू-भोकाचे सांधे, जाणता सुतार आणि वर चढवायला अख्खं गाव. १८३० च्या दशकात शिकागो गाव भराभर वाढत होतं आणि जाणते सुतार पुरत नव्हते. वाफेवरच्या गिरण्यांनी पातळ, एकसारखी लाकडं चिरून मिळू लागली आणि यंत्रावरचे खिळे स्वस्त झाले. तेव्हा दोन बाय चार इंचाची लाकडं जवळजवळ उभी करून नुसत्या खिळ्यांनी घर जोडायची पद्धत तिथे रुजली. जुन्या सुतारांनी नाकं मुरडली असणार, मी असतो तर मीही मुरडलं असतं. पण दोन माणसं आणि एक हातोडी एवढ्यावर घर उभं राहू लागलं.

मग मिसिसिपी नदीकाठी दार-खिडक्यांचे कारखाने निघाले. विस्कॉन्सिन आणि मिनेसोटाच्या जंगलातले ओंडके पाण्यातून वाहत खाली यायचे, आयोवातल्या क्लिंटनसारख्या गावांत त्यांची दारं व्हायची आणि रेल्वेने झाडं नसलेल्या गवताळ मुलखात जायची. हॅन्स अँडरसन नावाच्या डॅनिश माणसाने १९०३ मध्ये विस्कॉन्सिनातल्या हडसन गावी खिडक्यांच्या चौकटी करायला घेतल्या. त्याची युक्ती मला फार आवडते. त्याने ठरावीक मापं पक्की केली आणि चौकट जोडून पाठवायच्या ऐवजी उभ्या लाकडांची एक मोळी आणि आडव्यांची दुसरी, अशा दोन मोळ्या बांधून विकल्या. दुकानदाराने हव्या त्या उंचीची एक मोळी उचलायची, हव्या त्या रुंदीची दुसरी. थोड्या मालात सगळी मापं निघतात. आमच्या शेडमध्येही आता उभी लाकडं एका कप्प्यात आणि आडवी दुसऱ्यात असतात. ते मी त्याच्याकडून उचललं, हे सांगायला मला अभिमान वाटतो.

त्याच सुमारास, १९०६ मध्ये, मिशिगनातल्या बे सिटीत अलादिन नावाची कंपनी निघाली. ती अख्खं घर कापून विकायची. प्रत्येक तुकडा मापाने कापलेला, त्यावर नंबर, सोबत नकाशा. त्यांची एक हमी होती: लाकडात गाठ दाखवा आणि गाठीमागे एक डॉलर घेऊन जा. ज्याने रंधा मारताना गाठीवर पातं अडकलेलं अनुभवलंय त्यालाच या हमीची जोखीम कळेल. सिअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीने १९०८ मध्ये घरांचं कॅटलॉग काढलं आणि १९४० पर्यंत ७०,००० हून अधिक घरं विकली. रेल्वेच्या वाघिणीतून घर यायचं, सुमारे ३०,००० तुकडे, खिळे आणि रंगासकट. शेतकरी ते स्टेशनवरून घोडागाडीने शेतावर न्यायचा. मंदीत गिऱ्हाइकांचे कर्जाचे हप्ते थकले आणि तो धंदा बसला, पण त्यातली कित्येक घरं आजही राहती आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक घरी परतले आणि घरांचा तुटवडा पडला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिट कुटुंबाने आधी कापून आणलेल्या लाकडातून १७,००० हून अधिक घरं बांधली. लाकूड त्यांच्या स्वतःच्या कॅलिफोर्नियातल्या गिरणीतून यायचं. माणसं घरोघर फिरायची, एक टोळी फक्त एकच काम करायची. पण त्या घरांची दारं गोऱ्यांपुरतीच उघडी ठेवली होती. करारातच काळ्या माणसांना मनाई होती. सुतारकामाची तारीफ करताना हे झाकता येत नाही.

व्हिडिओत पाहिलेले त्रिकोण १९५० च्या दशकातले. फ्लोरिडातल्या कॅरोल सॅनफर्ड आणि कॅल्विन जुराइट यांनी दातेरी लोखंडी पट्ट्या काढल्या. दोन लाकडं टोकाला टोक लावायची, वर-खाली पट्टी ठेवून दाबयंत्राने दाबायची, की पट्टीचे दाते लाकडात रुततात आणि सांधा पक्का होतो. कुसू नाही, मेख नाही. १९६९ मध्ये आयडाहोतल्या ट्रस जॉइस्ट कंपनीने प्लायवूड वापरून इंग्रजी आय अक्षराच्या आकाराची तुळई आणली. कमी लाकडात लांब आणि सरळ.

या सगळ्यामागे एकच गोष्ट होती. गिरणीवाला, दारवाला, मिस्त्री आणि गिऱ्हाईक यांनी एक माप मान्य केलं. तिथे लाकडाच्या मापांचा राष्ट्रीय नियम १९२४ मध्येच झाला. उभ्या लाकडांमध्ये सोळा इंच अंतर ठेवलं की आठ बाय चारचा प्लायवूड तुकडा न पाडता बसतो. आपल्या हिंगोलीच्या दुकानातही प्लायवूड आठ बाय चारचाच मिळतो, फक्त तो ज्या भिंतीवर लावायचा तिचं माप कुणी ठरवलेलं नसतं.

चार

टेम्पोतून जुनं लाकूड आलं. जवळच्या एका गावात माळवदाचं घर उतरवलं. हे काम आलं की मी मशीन सोडून उठतो.

आमच्या मराठवाड्यातलं माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडी तळखड्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. चार खांबांमधली जागा म्हणजे एक खण. घर किती मोठं हे फुटांत कुणी सांगायचं नाही, पाच खणांचं, नऊ खणांचं असं सांगायचे. घरमालकाने खण सांगितले की सुताराला खांब किती, तुळया किती, कड्या किती, हे तोंडपाठ. लाकूड घरी तासून तयार व्हायचं आणि जागेवर नुसतं रचायचं. वडील म्हणायचे की पाया भरायच्या आधी लाकूड अंगणात तयार असलं पाहिजे.

आजच्या तुळईच्या टोकाला, सांध्याच्या आत दडलेल्या भागावर, पटाशीच्या खुणा आहेत. तीन उभे वार आणि एक तिरपा. समोरच्या खांबाच्या माथ्यावर हुबेहूब तेच. कुठली तुळई कुठल्या खांबाची, हे त्या सुताराने जोडण्याआधीच कोरून ठेवलं होतं. अलादिनवाल्यांनी तुकड्यांवर छापलेले नंबर आणि या खुणा एकाच बुद्धीच्या आहेत. पोरांना मी त्या हात लावून बघायला लावल्या.

माळवदं उतरू लागली त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारो माणसं जाड दगडी भिंती आणि छतावरच्या मातीखाली गेली. बऱ्याच घरांत लाकडी खण तसेच उभे होते आणि मातीत रचलेल्या दगडांच्या भिंती ढासळल्या होत्या. पण भीती अख्ख्या माळवदाचीच बसली. त्याला कोण काय म्हणणार? घरातलं माणूस गेल्यावर लाकूड टिकलं याचं कौतुक कुणाला असणार? तरी सुतार म्हणून मला वाटतं, की तेव्हा हलकं छत आणि खणाचा सांगाडा अशी घरं आणखी बांधून बघायला हवी होती. दगडमातीबरोबर खणाचं मापही गेलं.

या तुळईतून सहा उभी लाकडं निघतील. शंभर वर्षं वाळलेलं सागवान, ते आता वाकणार नाही. आधी प्रत्येक खिळा शोधून काढायचा, नाहीतर पात्याचे दात जातात. खुणा असलेला टोकाचा तुकडा मी कापून बाजूला ठेवला.

साडेपाच

पल्ल्यांना फेविकॉल लावून शिकंज्यात आवळलं. कामाच्या टेबलावर माल कमी पडला तर दुसऱ्या दिवशीची सुरुवात लंगडी होते, म्हणून उद्याची लाकडं आजच खुणा करून ठेवायची.

एक ठेकेदार येऊन गेला. त्याला सिमेंटच्या चौकटींचा भाव विचारायचा होता. आम्ही त्या करत नाही. सिमेंट, ग्रॅनाइट, लोखंड, सगळं आता बाजारात आहे आणि वाळवीच्या भीतीने लोक तिकडे वळतात. वाळवीचा मुद्दा खरा आहे. पण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंत थोडी हलते. लाकडाच्या दाराला रंध्याचे दोन हात मारले की ते पुन्हा लागतं. सिमेंटच्या चौकटीला तडा गेला की तिचं काही करता येत नाही. मी त्याला हेच सांगितलं.

साडेसात

हिशेब. मग भिंतीवरच्या फळ्यावर उद्याची मापं.

फळ्याशेजारी एक तक्ता लावलाय. आपल्या देशातही दाराच्या लाकडी चौकटींचं मानक आहे, भारतीय मानक ४०२१. त्यात मापं दहा सेंटिमीटरच्या पटीत धरली आहेत. आठ पट रुंद आणि एकवीस पट उंच म्हणजे ८०० बाय २१०० मिलिमीटरची दाराची जागा. सरकारी इमारतींच्या कागदांत ते असतं, घरकुलाच्या ओट्यावर पोचत नाही. प्रत्येक गावच्या घरकुलांना दाराची दोन आणि खिडकीची दोन मापं ग्रामपंचायतीने ठरवून फलकावर लिहिली, तर नाक्यावरचा कुठलाही सुतार सहा महिने आधी वाळलेल्या लाकडातून चौकटी करून ठेवू शकेल. लाभार्थ्याला त्या स्वस्त पडतील आणि हप्ता आला त्या दिवशी मिळतील. यासाठी कारखाना लागत नाही, क्रेन लागत नाही. एक ठराव पुरतो, आणि तो ठराव मांडा अशी माझी प्रत्येक सरपंचांना हात जोडून विनंती आहे.

आणि तुम्ही घर बांधायला काढलं असेल, तर जोतं भरायच्या आधी एकदा सुताराकडे जा. माप तिथे ठरवा, लाकूड वाळलेलं आहे का ते वाजवून बघा, चौकटीची दोन्ही तिरपी मापं स्वतः टेपने घ्या आणि ती चौकट उभी राहिल्यावरच मिस्त्रीला भिंत चढवायला सांगा.